उगमापाशी मीठ

शास्त्रपाठ : २ राजे, अध्याय २, वचने १९ ते २२



यरीहो नगराचे लोक अलीशा भविष्यवाद्याकडे आले, तेव्हा त्यांनी आपले दुःख सरळपणे मांडले. नगराची जागा उत्तम आहे, परंतु पाणी वाईट असून भूमी नापीक झाली आहे, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. अमक्याच्या घरी पाप आहे किंवा अमकीचा पायगुण वाईट आहे, असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी पाण्याकडे बोट दाखविले. अलीशानेही कोणा दुखणाईतास दोष दिला नाही. त्याने नवे पात्र व मीठ मागून घेतले, तो पाण्याच्या उगमापाशी गेला, तेथे त्याने मीठ टाकले, आणि परमेश्वराने ते पाणी निरोगी केले.

आपल्या ठाणे जिल्ह्याची जागाही उत्तम आहे. पूर्वेस सह्याद्रि, पश्चिमेस खाडी, मध्ये उल्हास नदी. परंतु पाण्याची दशा पाहा. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी नदी उल्हासनगरातून कल्याणाकडे येऊन उल्हास नदीस मिळते. कारखान्यांचे सांडपाणी व वस्त्यांचा मैला तिच्यात इतका सोडला गेला की लोक तिला नाला म्हणू लागले. २०१४ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस उल्हासनगरात तिच्या पात्रात टाकाऊ रसायने चोरून ओतण्यात आली. त्यांतून विषारी वायू उठला, आणि श्वास कोंडल्यामुळे शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या माणसांनी काही अपथ्य केले नव्हते. त्यांची घरे तेवढी त्या पाण्याजवळ होती. दरिद्री मनुष्यास घर मिळते ते बहुधा अशाच ठिकाणी.

ज्या १८५४ साली आगगाडी ठाण्याच्या पुढे कल्याणास पोहोचली, त्याच साली लंडन शहरात पटकीची साथ आली होती. ही व्याधी दुर्गंधीयुक्त हवेने होते, असे तेव्हाचे बहुतेक विद्वान मानीत. जॉन स्नो नावाच्या डॉक्टराने मृतांची घरे कोठे होती ह्याचा शोध केला, तेव्हा ती एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेली आढळली. त्याच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढण्यात आला. तोही उगमापाशीच गेला.

आता आपल्या दाराशी पाहू. दिवाळीनंतर कित्येक कातकरी कुटुंबे उचल घेऊन भिवंडी व कल्याणकडील वीटभट्ट्यांवर येतात, आणि पावसाच्या तोंडी घरी परततात. बालकाचे नाव गावच्या अंगणवाडीत राहते व बालक भट्टीच्या धुरात वाढते. मिळेल ते पाणी ते पिते, आणि हगवणीने क्षीण होते. उपाशी देहास लहानसे दुखणेही पुरते. जव्हार तालुका ठाणे जिल्ह्यात असताना, १९९२ साली, वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली, हे आपण विसरू नये.

अशा वेळी त्या मातेस लोक विचारतात, तुझ्या हातून काय घडले? कोणी भगतास बोलावितो. आणि खेदाने सांगावे लागते की, आपल्या मंडळीतलाही कोणी म्हणतो, तिचा विश्वास कमी पडला. जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनी हाच प्रश्न केला होता : पाप कोणाचे, त्याचे की आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले, आणि तो त्या मनुष्यास बरे करावयास लागला (योहान, अध्याय ९).

पाप नाहीच, असे मी म्हणत नाही. पाप आहे, परंतु आपण ते भलत्याच दारी शोधतो. नदीत विष ओतणाऱ्याचे ते आहे, मजुरास स्वच्छ पाणी न देणाऱ्याचे आहे, आणि हे सर्व पाहून मुकाट राहणाऱ्या माझेतुमचेही आहे.

म्हणून, उपदेशक बंधूंनो, दुखणाईताच्या घरी प्रार्थना अवश्य करा. आणि प्रार्थना करून उठल्यावर विचारा : पाणी कोठून आणता? चुलीचा धूर कोठे जातो? शौचास कोठे बसता? धान्य किती दिवसांचे आहे? हगवण लागलेल्या बालकास, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट लहान चमचा मीठ विरघळवून, ते घोट घोट पाजा, आणि विलंब न करता आरोग्य केंद्रात न्या. भट्टीवरील मातेबरोबर जवळच्या अंगणवाडीत जा. परगावच्या बालकाचाही तेथे हक्क आहे. हे घरातले मीठ झाले. उगमापाशीही मीठ पाहिजे. विहिरीशेजारी उकिरडा असेल, ओढ्यात रसायन येत असेल, तर ग्रामसभेत उभे राहून सांगा, अर्ज लिहा, आणि एकट्याने न जाता मंडळी मिळून जा. यरीहोचे लोकही मिळूनच गेले होते.

पाणी निरोगी केले ते परमेश्वराने. परंतु पात्र व मीठ नगरच्या लोकांनी आणून दिले. प्रभूने आपल्या शिष्यांस पृथ्वीचे मीठ म्हटले आहे. ते मीठ आपण देवळातच साठवून ठेवावे काय?

हे दयाळू पित्या, दुखणाईतास दोष देणारी आमची जीभ आवर, आणि उगमापर्यंत चालत जाण्याचे धैर्य आम्हांस दे. आमेन.