अर्जदार क्रमांक दोन

नांदेड-परभणीकडच्या न्यायालयांतले मराठी आदेश हैदराबादच्या वकिलांना इंग्रजीत करून देणे हे माझे पोटाचे काम. कवितांची भाषांतरे त्यातून उरलेल्या वेळात होतात. या कागदांत पोटगीची प्रकरणे बरीच असतात, कारण राज्याच्या सीमेपलीकडे मुली दिल्या जातात आणि त्यातली काही लग्ने मोडतातही. अर्जाच्या मथळ्याखाली पक्षकार ओळीने दिलेले असतात. अर्जदार क्रमांक एक म्हणजे बायको. अर्जदार क्रमांक दोन म्हणजे मूल. वय वर्षे चार किंवा नऊ, ‘अज्ञान, तर्फे आई’. कायद्याच्या मराठीत अज्ञान म्हणजे केवळ वयाने लहान. पण पुढची वीस-पंचवीस पाने वाचताना वाटते, शब्द नेमका पडला आहे. कोणी कोणाला काय बोलले, कोणाच्या माहेरचे कोण येऊन गेले, हे सगळे त्यात असते. क्रमांक दोनला कुणी काही कळवलेले नसते.

पोटगी या शब्दात पोट आहे. जादवपूरला तौलनिक साहित्य शिकत असताना बंगालीतला खोरपोष कानावर आला. त्यात खाणे आणि ल्यायचे कपडे आहेत. तमिळ-मल्याळममध्ये जीवनांशम, म्हणजे जगण्यातला वाटा. तेलुगूत मनोवर्ती. मी राहते त्या गल्लीतल्या उर्दूत नफ़क़ा, ज्याच्या अरबी मुळाशी खर्च करणे आहे. मेंटेनन्स तर आपण सोसायटीच्या लिफ्टसाठी आणि जिन्यातल्या दिव्यासाठीही भरतो. त्याचा लॅटिन उगम मात्र हाताने धरून ठेवणे असा आहे. या शब्दांत घेणाऱ्याची गरज सापडते, देणाऱ्याचा हात सापडतो. नवरा-बायकोचे भांडण एकातही सापडत नाही. तरी बोलताना आपले वाक्य होते ते असे: ‘तो बायकोला पोटगी देतो.’ मूल त्या वाक्यात चतुर्थीपुरतेही येत नाही. मला हा निव्वळ व्याकरणाचा प्रश्न वाटत नाही.

वकिलांच्या ऑफिसात बसलेल्या वडिलांचा एक ठरलेला प्रश्न असतो: ‘ती मला पोराला भेटू देत नाही, मग पैसे कशाचे?’ विचारणारा माणूस बहुतेक वेळा लबाड नसतो. शनिवार-शनिवार दारावरून परत गेलेल्या बापाचे दुःख खरे असते आणि ते हसण्यावारी नेणाऱ्यांचा मला राग येतो. कायद्याचे उत्तर मात्र कोरडे आहे: भेटीसाठी वेगळा अर्ज करा, पोटगी चालू ठेवा. हे उत्तर मी कितीतरी वेळा टाइप केले आहे. बराच काळ ते मला निव्वळ सोयीचे वाटे; दोन फायली एकमेकींत गुंतू नयेत म्हणून काढलेली तोड. आता वाटते, त्यात नीतीचा एक पक्का विचार आहे. भेट ही पैशाची किंमत मानली, तर ज्याला मुलाचे तोंडही पाहायचे नाही त्या बापाला पैसे न देण्याची मोकळीक मिळते: मी भेट मागत नाही, तुम्ही पैसे मागू नका. हा सौदा कुणालाच पटणार नाही, पण तो पहिल्या प्रश्नाच्या पोटातूनच निघतो. उलट बाजूने, ‘तीन महिने थकवलेत, आता भेट कशाची?’ असे आई म्हणते तेव्हा तीही त्याच तराजूत तोलत असते. बापाशी असलेले नाते हेही पोराचेच. आईने बक्षीस म्हणून द्यावे आणि शिक्षा म्हणून काढून घ्यावे असे ते नाही.

बाकीचे प्रश्न त्या मानाने सोपे. नोकरी गेली तर? परिस्थिती बदलली की रक्कम बदलून मागता येते. पण धडधाकट माणसाने नुसते ‘उत्पन्न नाही’ म्हणून चालत नाही. आई कमावती असेल तर? 2020 मध्ये नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मुलांच्या शिक्षणाचा खर्च सामान्यतः वडिलांनी करावा, मात्र आईची कमाई पुरेशी असेल तर तो दोघांत प्रमाणात वाटता येतो. दोघांनीही आपली मिळकत शपथपत्रावर उघड करायची आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, हेही त्याच निकालात आहे. लग्न झाले नव्हते तर? कलमात ‘औरस किंवा अनौरस’ असे स्पष्ट लिहिले आहे. मुलापुरते तरी कायदा आईबापांचे लग्न विचारत नाही, आणि ही ओळ इंग्रजीत उतरवताना मला दर वेळी बरे वाटते. थकबाकीपोटी तुरुंगात गेले तर देणे फिटते का? नाही. तुरुंग वसुलीसाठी आहे, देण्याच्या बदल्यात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच म्हटले. म्हणजे ती शिक्षा नव्हे आणि सूडही नव्हे. पोराचे देणे आहे, ते उभेच राहते.

अठराव्या वाढदिवसाचे कोडे मात्र मला सुटलेले नाही. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, 1956 अविवाहित मुलीला त्यापुढेही हक्क देतो. फौजदारी प्रक्रियेतली वाट अठराव्या वर्षी थांबते, अपंगत्व असेल तरच पुढे जाते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलाची भूक वाढदिवसाला सज्ञान होत नाही.

बापांबद्दल इतके लिहिले, आता आयांबद्दल. परस्परसंमतीच्या घटस्फोटांत एक वाक्य हमखास असते: ‘अर्जदार स्वतःसाठी व मुलासाठी पोटगीचा हक्क सोडून देत आहे.’ स्वतःचे ती सोडू शकते. मुलाचे? ते तिच्या नावावर नव्हतेच, आणि आईने सही केली म्हणून मुलाचा हक्क बुडत नाही असे न्यायालये म्हणत आली आहेत.

या वाक्याशी मी अडखळते, कारण माझ्या आईने तेच केले होते, कागदावर नाही, तोंडाने. 1988 साली आम्ही दोघी वडिलांच्या घरातून निघालो. तेव्हा कलम 125 खाली महिन्याला 500 रुपये ही कमाल मर्यादा होती. ती पुढे 2001 मध्ये उठली. मामा म्हणाला, अर्ज टाकू. आई म्हणाली, ‘त्यांच्या पाचशे रुपयांनी माझी पोर मोठी व्हायची नाही.’ शाळेतली नोकरी, संध्याकाळी शिलाई. तिच्या त्या वाक्याचा मला अजून अभिमान आहे. माझ्या पाठीचा कणा त्यातूनच आला असेल. पण चौथीत फळा दिसेनासा झाला तेव्हा चष्म्यासाठी दिवाळीपर्यंत थांबावे लागले, हेही खरे. तिचा स्वाभिमान तिने तिच्या पैशाने विकत घेतला आणि थोडा माझ्याही. मराठी कथा-कादंबऱ्यांत आणि सिनेमांत एक पैही न घेणाऱ्या आईला आपण टाळ्या वाजवत आलो. ती पै कोणाची होती, हे आपण विचारत नाही. तिला मी दोष देत नाही. पाचशे रुपयांसाठी तारखांना उभी राहणारी बाई त्या काळी गावात काय ऐकत असे ते मला माहीत आहे. दोष असेल तर हक्काला भिकेचा वास लावणाऱ्यांचा.

इथपर्यंत माझा विचार सरळ चालतो. पुढे तो माझ्याच दारात येतो. ज्या कलमात मुलाचा बापावर हक्क आहे, त्याच कलमात स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आईबापांचा मुलांवर हक्क आहे. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 झाले, आशय तोच. विवाहित मुलीवरही ही जबाबदारी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये ठरवले. दोन वर्षांपूर्वी आत्याचा फोन आला. ‘बाळ, दादाचं आता एकट्याचं होत नाही गं. मी तरी किती पुरणार?’ अर्ज कुणी टाकला नव्हता, टाकणारही नव्हते.

‘त्यांनी मला दिले नाही, मी का देऊ?’ हे वाक्य माझ्याही तोंडाशी आले, आणि ते कुठे ऐकले आहे ते लगेच आठवले. मुलाचा हक्क त्याच्या गरजेतून येतो, कुणाच्या वागणुकीतून नाही, असे वर लिहिले. मग म्हाताऱ्या माणसाच्या औषधांना वेगळा नियम लावायचा, तर कारण द्यावे लागेल. एक कारण आहे: मुलाला जन्माला घालायचा निर्णय बापाचा असतो, बाप निवडण्याचा मुलाला नसतो. म्हणून दोन्ही देणी सारख्या वजनाची आहेत असे मी मानत नाही. पण कमी वजनाचे देणे शून्य होत नाही.

महिन्याच्या पाच तारखेला मी आत्याच्या खात्यात पैसे टाकते. भेटायला जात नाही, फोनही करत नाही. आत्या म्हणते, ‘पैशाचं काय एवढं, एकदा येऊन जा.’ मी तिला सांगते, आत्या, या दोन फायली वेगळ्या आहेत. तिला ते पटत नाही.