उदरातील बालकाच्या कानी



लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात एक शांत घर आहे. घरधनी जखऱ्या याची वाचा बंद झाली आहे आणि त्याची पत्नी अलीशिबा हिला सहावा महिना लागला आहे. अशा घरी मरीया येते, अलीशिबेला सलाम करते, आणि उदरातील बालक आनंदाने उसळते. तेथे वाद्यांचा उल्लेख नाही. आहे तो एका आप्त स्त्रीचा प्रेमळ शब्द.

आज गरोदर स्त्रीच्या पोटाला लावण्याची ध्वनियंत्रे विकली जातात. मोझार्टचे संगीत ऐकवले की मूल बुद्धिमान निपजते, असे आपणांस सांगितले जाते. हा समज १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगावरून पसरला. पण तो प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता, गर्भावर नव्हे; आणि त्याचा परिणाम १०-१५ मिनिटेच टिकला.

तथापि गर्भाला ऐकू येते, हे खरे. साधारण २५ व्या आठवड्यापासून तो आवाजाला प्रतिसाद देऊ लागतो. आईने शेवटचे ६ आठवडे रोज मोठ्याने वाचलेला मजकूर नवजात बालक ओळखते, असे डीकॅस्पर आणि स्पेन्स या संशोधकांनी १९८६ साली दाखवले. आईचा आवाज तिच्या देहातूनच बाळापर्यंत पोहोचतो. त्यासाठी यंत्र लागत नाही.

म्हणून आईने काम करता करता गीत गुणगुणावे, कौटुंबिक उपासनेत शास्त्र मोठ्याने वाचावे. पण तिला गावेसे वाटावे, असे आपले घर आहे काय? रविवारी मंदिरात उंच स्वराने गाणारे आपण घरी तिच्याशी कोणत्या स्वरात बोलतो? "मुलगाच हवा" असे तिला उठता बसता ऐकवणाऱ्या घराचे गायन देवाला कसे आवडेल?

आणि मुलात काही उणे निघाले, तर त्याचा दोष आईच्या माथी मारू नये. ज्या बाळाला ऐकूच येत नाही, त्यालाही उदरात घडवणारा हात प्रभूचाच आहे.

मरीया अलीशिबेजवळ सुमारे ३ महिने राहिली. आपल्या मंडळीतील गरोदर भगिनींच्या घरी आपण या आठवड्यात तरी जाऊ या. तिच्या हातचे काम घेऊ या, तिच्यासोबत प्रार्थना करू या. जखऱ्याची वाचा मोकळी झाली, तेव्हा त्याच्या मुखातून देवाची स्तुती निघाली. आपली जीभही प्रभू तशीच मोकळी करो. आमेन.