पुढचे दृश्य कोण निवडतो?

वाचकहो, मोबाइलच्या पडद्यावर एक व्हिडिओ संपतो आणि दुसरा आपोआप सुरू होतो. तो आपण मागितलेला नसतो, तरीही पाहिला जातो. या लहानशा घटनेत एक मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे. जे पाहण्याचे आपण ठरवलेच नव्हते, त्या पाहण्याची जबाबदारी कोणाची? उत्तर शोधण्यापूर्वी हे तंत्र कसे चालते ते समजून घेऊ.

फुल एचडी चित्राच्या एका चौकटीत सुमारे 20 लाख ठिपके असतात. सेकंदाला 25 चौकटी धरल्या, तर ही माहिती जशीच्या तशी पाठवायला दर सेकंदाला सुमारे 155 मेगाबाइट लागतील. घरातील सामान्य इंटरनेटला हा भार पेलवणार नाही. म्हणून चित्र आधी आकसवले जाते. वक्ता बोलत असताना त्याच्या मागची भिंत हलत नाही. मग ती प्रत्येक चौकटीत नव्याने पाठवण्याचे कारण नसते. मधूनमधून एक पूर्ण चौकट आणि एरवी केवळ झालेला बदल पाठवला जातो. त्यामुळे तेच चित्र सेकंदाला एक मेगाबाइटहून कमी माहितीत मावते.

त्यानंतर व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकडा कमी-अधिक स्पष्टतेच्या अनेक प्रतींत साठवला जातो. ॲपलने 2009 मध्ये या पद्धतीची आपली रचना आणली. 2012 मध्ये ‘डॅश’ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. या प्रती प्रेक्षकाच्या शक्य तितक्या जवळच्या सर्व्हरवर ठेवल्या जातात. आधीचा तुकडा किती वेगाने आला हे आपला मोबाइल मोजतो आणि पुढचा कोणत्या प्रतीतून मागवायचा ते ठरवतो. रेंज कमी झाली की चित्र धूसर होते पण थांबत नाही, ते यामुळेच.

ही अल्लाहची देणगीच समजली पाहिजे. मक्केतील मस्जिदे हराममधील नमाज कोकणातल्या एखाद्या वाडीतील वृद्ध आजीला त्याच वेळी पाहता येते. मदरशापर्यंत जाऊ न शकणाऱ्या भगिनीला घरबसल्या तज्वीद शिकता येते.

परंतु हेही ध्यानात घ्या की हे यंत्र दर काही सेकंदांनी एकच प्रश्न विचारते: किती पेलवेल? काय पाहणे योग्य, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही. पुढे काय दाखवावे हे ठरवणारा भाग वेगळाच असतो. 2012 मध्ये यूट्यूबने शिफारशी करताना किती जणांनी व्हिडिओ उघडला यापेक्षा तो किती वेळ पाहिला गेला याला अधिक महत्त्व देण्यास सुरुवात केली. कारण उघड आहे. प्रेक्षक जितका वेळ थांबेल, तितक्या जाहिराती त्याला दाखवता येतात. पूर्वी कॅसेट संपली की उठावे लागे आणि दुसरी लावायची की नाही याचा विचार करावा लागे. तो विराम आता काढून टाकण्यात आला आहे.

तो विराम म्हणजे नियत करण्याची जागा होती. सहीह बुखारी या हदीससंग्रहाचा आरंभच हेतूविषयीच्या हदीसने होतो, हे आपण जाणता. हेतूवर कर्माचे मोल ठरत असेल, तर हेतूविना घालवलेल्या दोन तासांचे मोल काय?

कोणी म्हणेल, नकळत घडले त्याचा जाब कसला? विस्मरणाला माफी आहे, हे खरे. पण यंत्र कसे चालते हे कळल्यानंतर आणि आपोआप सुरू होणे बंद करण्याची सोय हाताशी असतानाही आपण ती वापरली नाही, तर त्याला विस्मरण म्हणता येणार नाही. ती आपलीच निवड ठरते.

दुसरा कोणी म्हणेल, आम्ही तर धार्मिक प्रवचनेच ऐकतो. एकामागून एक दहा बयान ऐकताना इशाची वेळ पुढे ढकलली जात असेल किंवा ऐकलेल्यापैकी एकही गोष्ट आचरणात येत नसेल, तर ते ऐकणेही केवळ विरंगुळाच ठरले. सूरह अल्-अस्रच्या अवघ्या 3 आयतींत काळाची शपथ घेऊन मनुष्याच्या हानीचा इशारा दिला आहे. चित्र आकसवता येते. आयुष्यातील तास आकसवता येत नाही. तो पूर्णच खर्च होतो आणि त्याचा हिशेबही पूर्णच द्यावा लागेल.

म्हणून मोबाइल उघडण्यापूर्वी काय पाहायचे आणि कोठे थांबायचे हे मनाशी ठरवा. मुलांच्या हाती तो देताना शेजारी बसा. त्यांच्यासाठी पुढचे दृश्य निवडण्याची अमानत आई-वडिलांकडे आहे, यंत्राकडे नाही. अल्लाह आपणा सर्वांना आपल्या वेळेची कदर करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.