हाक ओळखायची कोणी?

संकटातल्या माणसाच्या हाकेला धावून जाणं ही दया की कर्तव्य, हा धर्मचिंतनातला जुना प्रश्न. पण सरकार एक नंबर देऊन ‘इथे फोन करा, आम्ही येतो’ म्हणतं, तेव्हा निदान त्या सरकारपुरता तो निकालात निघतो. दिलेला शब्द पाळणं ही मेहेरबानी नव्हे. अमेरिकेत ९११ या आपत्कालीन नंबरवरचा पहिला फोन १९६८ मध्ये अलाबामातल्या हेलीव्हिल गावी झाला. पण ज्याला ऐकू येत नाही, त्याने हा नंबर कसा वापरायचा? रॉबर्ट वाइटब्रेक्ट या कर्णबधिर पदार्थवैज्ञानिकाने टेलिप्रिंटरवरचा मजकूर साध्या टेलिफोनवरून पाठवण्याची युक्ती १९६४ मध्येच साधली होती. साधन होतं; तरी असे टाइप केलेले फोन ९११ ने थेट घेतलेच पाहिजेत, हे बंधन अपंगांच्या हक्कांच्या १९९० च्या कायद्यानंतरच आलं.

त्या बंधनातली एक बारीक बाब मला फार मोलाची वाटते. टीटीवाय, म्हणजे टाइप केलेला मजकूर फोनवरून पाठवणाऱ्या यंत्रावरून आलेला फोन उचलला की पलीकडून कित्येकदा आवाजच येत नाही. चुकून लागला असेल म्हणून ठेवून द्यावा, असाच तो फोन. तिथल्या न्याय खात्याची अपेक्षा अशी, की ऑपरेटरने तो ठेवू नये. आपलं यंत्र जोडून टाइप करून विचारावं. गजेंद्रमोक्षाच्या कथेत बळ सरलेला हत्ती सोंडेत कमळ उचलून धावा करतो. धाव्याचं रूप संकटातल्याने ठरवायचं. तो ओळखण्याची जबाबदारी ऐकणाऱ्याची.

यावर कोणी म्हणेल, मूठभर लोकांसाठी एवढा खर्च कशाला, शेजारच्याला फोन करायला सांगावं. पण मारहाण करणारा घरातलाच असेल तर? शिवाय मारेकरी दाराबाहेर असताना कपाटात लपलेल्या ऐकू येणाऱ्या बाईलाही आवाज काढता येत नाही. लिहून मदत मागण्याची सोय तिलाही वाचवते. लिहिण्यात वेळ जातो, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणूनच बोलता येत असेल त्याने फोनच करावा, असं तिथे सांगतात. पण ज्याला बोलणं-ऐकणं शक्यच नाही, त्याच्यासाठी संथ मार्गाची तुलना वेगवान मार्गाशी होत नाही, मार्गच नसण्याशी होते.

२०१४ पासून अमेरिकी मोबाइल कंपन्या ९११ ला मेसेज पोहोचवू लागल्या. तो घ्यायचा की नाही, हे मात्र स्थानिक केंद्रांवर राहिलं. जिथे सोय नाही तिथे उलट मेसेज येतो: ही सेवा इथे नाही, दुसऱ्या मार्गाने संपर्क साधा. मदत निघाली असं समजून माणूस वाट पाहत बसू नये, म्हणून हे कळवणं आवश्यकच आहे. पण एकट्या कर्णबधिर माणसाला तो दुसरा मार्ग कोणता, हे त्या केंद्राने सांगायला हवं.