बाण करणारा आणि हरीण

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, जयंतीच्या सप्ताहात आमच्या घरी गुरुचरित्राचं पारायण असतं. गेल्या वर्षी थोरला मुलगा बसला होता. वय ४२. दुसऱ्याच दिवशी पाहिलं, तर चौरंगाआड मोबाइल. पान उलटलं की एक नजर तिकडं. मी सगळ्यांदेखत बोललो, "तुझी श्रद्धाच नाही."

रात्री तो एवढंच म्हणाला, "बाबा, मलाही ते नको असतं हो. पण मन थांबत नाही. शाळेपासून असंच आहे."

ते मला लागलं. हुशार आहे पण लक्ष नाही, असं बाई तेव्हाही सांगायच्या. आम्ही रागावण्यापलीकडं काही केलं नाही.

पुढं तो मनोविकारतज्ज्ञांकडं गेला. तेव्हा कळलं, की अवधानाचा असा एक विकार असतो, त्याला एडीएचडी म्हणतात. तो लहानपणी सुरू होतो आणि पुष्कळांच्या बाबतीत मोठेपणीही राहतो. अशा माणसांत इंटरनेटचा अतिरेक अधिक आढळतो, कारण त्यांना कंटाळा सोसत नाही आणि मोबाइल क्षणाक्षणाला नवं काही पुढं करतो. रात्री जागरण झालं, की दुसऱ्या दिवशी लक्ष आणखी विस्कटतं. आधी कोण, हे सांगणं अवघड. पण दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. अर्थात, मोबाइल पाहणाऱ्या प्रत्येकाला हा विकार असतो असं नाही.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतांनी यदुराजाला आपले २४ गुरू सांगितले. त्यांत बाण करणारा आहे. राजाची स्वारी वाजतगाजत जवळून गेली, तरी त्याला पत्ता नाही. प्रवचनात मी हाच दाखला देत आलो. पण त्याच २४ गुरूंत गाण्याला भुलून सापडलेलं हरीणही आहे! अवधूतांनी त्याला हिणवलं नाही, गुरू केलं. मी मात्र मुलानं बाण करणारा व्हावं म्हणून आयुष्यभर ओरडलो. त्याला कोणतं गाणं ओढतंय, हे कधी विचारलं नाही.

आणि माझं काय? रात्री अकरापर्यंत मीही भजनांचे व्हिडिओ पाहतो, सुविचार पुढं पाठवतो. देवाचंच पाहतो, अशी मनाची समजूत घालतो. हरणाला तरी कुठं कळतं, गाणं देवाचं की पारध्याचं?

यंदा ठरवलंय, पारायणाच्या वेळी घरातले सगळे मोबाइल कपाटात, पहिला माझा. पोथी मी वाचणार, तो शेजारी बसून गंध उगाळत ऐकणार. बाण करणाऱ्याच्याही हाताला काम होतंच की! डॉक्टरांचे उपचार चालूच आहेत. औषध घेतलं म्हणून श्रद्धा उणी होत नाही.

आपल्या घरी असं कुणी असेल, तर नास्तिक, आळशी म्हणण्याआधी जवळ बसून विचारा. गरज वाटली तर डॉक्टरांकडं सोबत जा. मी सगळ्यांदेखत बोललो होतो, म्हणून सगळ्यांदेखतच लिहितो : चूक माझी होती.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!