जीर्णोद्धाराचा धर्म

पडके देऊळ पुन्हा उभारणे हे पुण्यकर्म होय, ही समजूत आपल्या समाजात फार जुनी आहे. परंतु गंजलेल्या यंत्राचा जीर्णोद्धार करणाऱ्यास कोणी पुण्यवान म्हणत नाही; फार तर हौशी म्हणतात. मोडीत घालण्याजोग्या यंत्रावर वेळ आणि पैसा वेचण्यास काही नैतिक आधार आहे काय, याचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

उदाहरण हिंजवडीचे घेऊ. मुळशी तालुक्यातील हे गाव म्हातोबाच्या बगाडासाठी प्रसिद्ध. गेल्या शतकाच्या अखेरीपासून येथे औद्योगिक विकास महामंडळाचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान वसत गेले, आणि शेतांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. अशा गावात एखाद्या घराच्या मागील पडवीत जुना पॉवर टिलर पडून आहे, अशी कल्पना करावी. एका सिलिंडरचे डिझेल इंजिन, दोन चाके, मागून धरून चालण्याचे लांब दांडे आणि त्यांच्यापुढे फिरत्या पात्यांचे अवजार. ट्रॅक्टर जेथे वळत नाही त्या लहानशा खाचरात चिखलणी करण्यास हेच सोयीचे. जमीन गेली, यंत्र राहिले. ते भंगारात द्यावे की दुरुस्त करावे?

जुने म्हणून ते पूज्य, हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी भीती शेतकऱ्यांस वाटत होती. फिरत्या पात्यांची कल्पनाही आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड याने १९१२ साली ऑस्ट्रेलियातील गिलगांड्रा येथे वडिलांच्या शेतावर आजमावली, तेव्हा ती नवलाचीच होती. आज ज्यास आपण वाडवडिलांचे म्हणून कवटाळतो, ते एके काळी उपरेच होते.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. पट्टे बदलले, बेअरिंगे बदलली, पाती नवी घातली. मग जुने यंत्र उरले कोठे? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन राजास हेच विचारतो. आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? एकही अंग रथ नव्हे. त्यांच्या मेळास आपण व्यवहारापुरते ते नाव देतो. आम्ही यास एवढीच पुस्ती जोडू, की अवजाराच्या बाबतीत तो मेळ कामाने टिकतो. ज्या पात्यांखाली माती फुटते तो टिलर; रंगरंगोटी करून बंगल्याच्या हिरवळीवर मांडलेला तो टिलरचा पुतळा.

तरीही दुरुस्तीचे खरे मोल तिच्या रीतीत आहे. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या इंजिनात पिस्टन सिलिंडरला धरून बसतो. त्यावर घण घातला तर तो फुटतो. आत तेल सोडावे, काही दिवस थांबावे, मग फ्लायव्हील हाताने किंचित पुढे, किंचित मागे न्यावे. टाकीतील गंज खरवडावा, नॉझल स्वच्छ करावा. यात जबरदस्तीस यश नाही; ज्याने ते यंत्र घडविले त्याच्या बुद्धीचा माग काढीत, नम्रपणेच पुढे जावे लागते. आणि बहुधा घरातील ज्या वृद्धाचे आता कोणी ऐकत नाही, त्यासच इंजिनाचा आवाज ओळखता येतो. नातवाने त्यास विचारावे लागते, आणि विचारताना त्याचा गेलेला मान त्यास परत द्यावा लागतो. नव्या यंत्राच्या खरेदीत ही देवघेव घडत नाही.

परंतु जिव्हाळ्यास मर्यादा हवी. इंजिन काळा धूर ओकत असेल, तर आपल्या आठवणींसाठी तो शेजाऱ्यांनी का गिळावा? फिरती पातीही निर्दोष नाहीत. कोरड्या जमिनीत त्याच खोलीवर ती वारंवार चालविली, तर वरची माती भुकटी होते व खाली कठीण थर बसतो. ज्यास यंत्र आवडते त्यानेच त्याचे दोष आधी ओळखले पाहिजेत.

राहिला कळीचा प्रश्न : शेतच नसलेल्या घराने हे का करावे? ज्या कुटुंबाची जमीन गेली, त्यास हे यंत्र आपल्या श्रमांचा अखेरचा साक्षीदार वाटते. ही भावना हसण्यावारी नेण्याजोगी नाही. तथापि साक्षीदारास कोंडून ठेवण्यात त्याचा गौरव नाही. याच तालुक्याच्या पश्चिमेस अद्याप भात लावतात, आणि चिखलणीच्या दिवसांत वेळेवर अवजार न मिळाल्याची अडचण लहान शेतकऱ्यास ठाऊक असते. दुरुस्त केलेला टिलर अशा एकाच्या हाती गेला, म्हणजे जीर्णोद्धार पुरा झाला असे आम्ही समजू. घराची पडवी रिकामी होईल आणि ते कोणास तरी बोचेलही. पण देवळाचा जीर्णोद्धार आपण भिंतींसाठी करीत नाही. तेथे पुन्हा दिवा लागावा म्हणून करतो. यंत्राचा दिवा खाचरात लागतो.