घड्याळाची वेळ, हिशेबाची वेळ

पाठ टेकून बसा. घाईत असाल तर हे राहू द्या, रात्री वाचा.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं सँ-त्रोपे बंदर डोळ्यांसमोर आणा. सप्टेंबर सरत आलेला. दर वर्षी या सुमारास जुन्या शिडांच्या नौका इथं शर्यतीला जमतात. तुम्ही दगडी धक्क्यावर बसला आहात. दिवसभर तापलेला दगड अजून कोमट आहे. त्यावर तळहात टेकवा.

एक थोरली नौका शेवटची रेषा ओलांडते. टाळ्या होतात. तिच्याकडे मनसोक्त बघा, पण तिला विजेती म्हणू नका. दूर क्षितिजाशी एक लहानसं शीड दिसतंय ना, ते यायचं आहे. आज आपल्याला एवढंच करायचंय. त्याची वाट बघायची.

ती धाकटी नौका मागे का राहिली? खलाशी कमी पडले म्हणून नव्हे. नौका पाणी कापते तेव्हा तिच्या नाळेशी लाट उठते. वेग वाढेल तशी ही लाट लांबत जाते आणि एका वेगाला नौकेच्याच लांबीएवढी होते. तेव्हा नौका आपल्याच लाटेच्या खळग्यात अडकते. आणखी वेग हवा तर स्वतःच उठवलेला चढ चढावा लागतो. जड लाकडी नौकेला तो सहसा जमत नाही. जुना ठोकताळा असा: पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला 1.34 नं गुणा. येईल तो साधारण वरचा वेग, नॉटमध्ये. 64 फुटांची थोरली 10.7 नॉटपर्यंत जाईल, 36 फुटांची धाकटी 8 पर्यंत. थोडा वेळ इथंच थांबा. आपणच उठवलेली लाट, आणि आपली लांबी.

आता सावकाश एक गणित करू. शर्यत 20 सागरी मैलांची, वारा भरपूर. थोरलीला 112 मिनिटं लागतील, धाकटीला 149. फरक 37 मिनिटांचा. ही झाली घड्याळाची वेळ. निकाल लागतो तो हिशेबाच्या वेळेवर, आणि हिशेबाच्या मुख्य रीती दोन. एकीत धाकटीला दर मैलामागे ठरावीक सेकंदांची सूट: इथं सुमारे 111 सेकंद, वीस मैलांची मिळून 37 मिनिटं. दुसरीत तिच्या वेळेला एका आकड्यानं गुणायचं, इथं 0.75 नं. 149 चे 112 होतात. दोन्ही रीतींनी बरोबरी. मग दोन रीती हव्यात कशाला?

वारा पडू द्या. दोघींचा वेग निम्मा झाला असं धरा. थोरली 224 मिनिटांनी आली, धाकटी 298 मिनिटांनी. मैलांची सूट तेवढीच, कारण मैल तेवढेच. 298 मधून 37 गेले, उरले 261, धाकटी हरली. गुणाकारानं मात्र तिचे 224 च होतात. नौका त्याच, माणसं तीच, समुद्र तोच. देणं मैलांवर मोजायचं की तासांवर, एवढंच बदललं. मला हे गणित कोणत्याही ध्यानमंत्राइतकं विलक्षण वाटतं. आकडे पुन्हा एकदा मनाशी म्हणून बघा.

या सवलतीला हँडिकॅप म्हणतात. हा शब्द आपल्याला महालक्ष्मीच्या रेसकोर्समुळे ठाऊक. तिथं चांगल्या घोड्यावर जास्त वजन देतात. इथं नौकेवर काही लादत नाहीत, फक्त काळ मोजून देतात. आणि हे लिंबूटिंबूही नव्हे. लहानपणी आपण धाकट्याला खेळात घ्यायचो, पण त्याचा आउट धरायचो नाही. म्हणजे तो खेळात नसायचाच. हँडिकॅप धाकटीचं सगळं धरतो: चुकलेलं वळण, उशिरा ओढलेला दोर, सगळं.

ही सवलत नौकेच्या मापांवरून ठरते, म्हणून मोजणाऱ्याच्या पट्टीला मात्र जपावं लागतं. इंग्लंडात 1855 च्या थेम्स मापानं आणि त्यामागून आलेल्या नियमानं रुंदीवर फार भार टाकला. खोली आणि शिडं जवळजवळ फुकट सुटली. मग नौका बारीक होत गेल्या, उभ्या कडेवर तरंगणाऱ्या फळीसारख्या. ‘ऊना’ नावाच्या नौकेची पाण्यावरची लांबी 34 फूट आणि रुंदी जेमतेम साडेपाच. 1886 मध्ये आयर्लंडच्या मॅलाहाइड किनाऱ्याजवळ ती फुटली. तिचा आराखडा करणारा पेटन तिच्यावरच होता. कोणीही वाचलं नाही. (हे वाचून श्वास अडखळला असेल तर अडखळू द्या.)

भूमध्य समुद्रातल्या जुन्या नौकांचा नियम आणखी एक गोष्ट मोजतो, आणि ती मला फार आवडते. 1950 पूर्वी पाण्यात उतरलेल्या नौकांचा एक गट, 1976 पूर्वीच्यांचा दुसरा. प्रत्येकीची तपासणी होते: मूळ आराखड्याला ती किती धरून आहे? डोलकाठी लाकडाची की धातूची? नवं साहित्य आलं की आकडा महागतो. इमानाला सेकंदांत किंमत! याला शास्त्र म्हणावं की माया, मी ठरवलेलं नाही.

‘डोरेड’ आठवते. 52 फुटांची लाकडी नौका, ऑलिन स्टीव्हन्सनं ऐन एकविशीत रेखाटलेली, 1930 ची. 1936 मध्ये ती लॉस एंजेलिस ते होनोलुलू ही 2,225 सागरी मैलांची शर्यत जिंकली. 2013 मध्ये पुन्हा तिथंच, तीच शर्यत. कितीतरी नव्या, हलक्या नौका तिच्या आधी होनोलुलूला पोचून नांगरल्या होत्या, तरीही एकूण पहिला क्रमांक हिचा. तिची वाट बघणाऱ्यांनी किनाऱ्यावर बसून मनात किती गुणाकार केले असतील.

धाकटी आता जवळ आली आहे. थोरली आली तेव्हा वारा होता, आता पडतोय; याला आपल्या दोन्ही रीतींत जागा नाही. शीड लुळं पडतं, पुन्हा जरासं फुगतं. नजर तिच्यावरच असू द्या. रेषा ओलांडताना सुकाणूवरची बाई आधी मनगटाकडे बघते, मग थोरलीकडे. थोरलीवरही शिडं गुंडाळता गुंडाळता कोणीतरी हिच्याकडेच बघत उभं आहे. निकालाचा कागद अजून लागलेला नाही.

हात दगडावरच ठेवा. तो गार व्हायला लागलाय का, बघा.